खांद्यातून निघालेली रेघ

गंगेकाठच्या दुर्गाघाटच्या वेणीमाधवशास्त्री पाळंद्यांची मुलगी नदीपलीकडे रामनगरच्या एका गॅरेजात मोटारसायकली रंगवते, ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पसरली ती मात्र अर्धीमुर्धी. कुणी म्हणालं, बिचारीची नोकरी गेली. कुणी म्हणालं, नवऱ्याशी पटत नसेल. ब्रह्माघाटावर राहणारी इंदूआत्या तर घरी येऊनच बसली.

"विद्यू, तुला रंगाची हौस आहे तर गणपती रंगव, देव्या रंगव. या फटफट्या कशाला?"

विद्युल्लतेनं आत्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "आत्या, मला फटफट्याच आवडतात."

 आत्यानं चहा पिऊन घेतला आणि जाताना देवघराकडे बघून हात जोडले.

नोकरी गेली होती हे खरं. एका खाजगी शाळेत विद्युल्लता चित्रकला शिकवायची. टाळेबंदीनंतर शाळा उघडली तेव्हा वेळापत्रकात चित्रकलेचा तासच राहिला नव्हता. नवऱ्याबद्दलचं मात्र साफ खोटं होतं. कुणाल रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. स्वभावानं गार माणूस. बायको ज्यात रमते त्यात आपण नाक खुपसू नये, एवढी समज त्याला उपजतच होती. आई गेल्यावर तिचे वडील, अण्णा, एकटे पडले, म्हणून ती दोघं दुर्गाघाटच्या घरी राहायला आली होती.

रामनगरला ती पहिल्यांदा गेली ती स्कूटरचं पिचकलेलं मडगार्ड घेऊन. पूल ओलांडून बाजाराच्या अलीकडे सिराज उस्तादांचं गॅरेज होतं. वर पत्रे, मागच्या बाजूला रंगाची बंद खोली, आणि दारात सुटे केलेले मोटारसायकलींचे अवयव. त्या दिवशी उस्ताद एका जुन्या बुलेटच्या काळ्या टाकीवर लाइन मारत बसले होते. बोटभर लांब केसांचा ब्रश, करंगळी टाकीच्या कडेला टेकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हात हळूच मागे येत होता आणि ब्रशाखालून सोनेरी रेघ निघत होती. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही, काही नाही. विद्युल्लता मडगार्ड विसरली. रेघ पुरी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि मग म्हणाली, "मुझे सिखाएँगे?"

उस्तादांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सुती साडी, खांद्याला पिशवी, कपाळावर टिकली. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आतून खिडकीची एक जुनी काच आणली, एक झिजलेला ब्रश दिला आणि बाटलीत थोडा पिवळा रंग ओतून दिला.

"इस पर खींचो. जो लकीर पोंछने का जी न करे, वह लेकर आना."

ती काच विद्युल्लतेनं किती वेळा रंगवली आणि घासलेटच्या चिंधीनं किती वेळा पुसली, याचा हिशेब राहिला नाही. शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर रेघा मारणाऱ्या बाईला एक सरळ रेघ येऊ नये, याचा तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग तिनं चिकाटीच धरली. शेवटी एक रेघ अशी आली की चिंधी हातात घेऊनही तिला पुसवेना. काच टॉवेलात गुंडाळून, स्कूटरवर पायाशी ठेवून ती रामनगरला घेऊन गेली. उस्तादांनी काच उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"कल से आओ, बिटिया."

आली खरी, पण ब्रश काही लगेच हातात मिळाला नाही. आधी गंज. मग पोचे. टाकीच्या आतून लोखंडी ठोकळा लावून बाहेरून हलकी हातोडी मारायची, आणि डोळे मिटून तळहात फिरवायचा, कारण डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. मग पुट्टी, मग वॉटर पेपरनं घासणं, मग अस्तर, पुन्हा घासणं. पाण्यात बुडवून बुडवून तिच्या बोटांची कातडी पांढरी पडायची, सुरकुतायची. रंग फवारायच्या आधी खोलीत जमिनीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ खाली बसते. रंग मलमलीतून गाळून घ्यायचा. पावसाळी हवेत घाई करायची नाही, नाहीतर चकचकीत काळ्यावर दुधासारखी साय चढते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हे सगळं तिनं चुका करत करत शिकून घेतलं. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हातालाही थोडा कंप आला, तेव्हा लाइनिंगचं काम आपोआपच तिच्याकडे आलं.

मग हळूहळू मिर्झापूर, जौनपूर, चंदौलीहून माणसं येऊ लागली. कुणाची राजदूत, कुणाची येझदी. "वह मैडम, जो लाइन मारती हैं," असं तिचं नाव झालं. तिचं मनगट फार चपळ होतं. अवघड वळणावर मनगट असं काही फिरायचं की बघणारे बघतच राहायचे. तिलाही त्याचा थोडा गर्व होता.

अण्णांनी या सगळ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांचं आयुष्य मुलांना वेदांची संथा देण्यात गेलेलं. मुलगी संध्याकाळी घरी आली की तेवढं म्हणायचे, "घासलेटचा वास येतोय." मग ती अंघोळ करून यायची आणि स्वयंपाकाला लागायची. अण्णांना तिचं काम आवडत नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. विचारायची हिंमत तिला झाली नाही आणि सांगायची सवय त्यांना नव्हती.

निनाद देवस्थळी हा पुण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला अधिकारी. मिर्झापूरच्या एका गोदामात त्याला एक जुनी जावा मोटारसायकल सापडली. कोंबड्या तिच्यावर बसायच्या अशा अवस्थेत. इंजिन त्यानं दुसरीकडून करून घेतलं आणि रंगासाठी तिला टेम्पोत घालून रामनगरला आणलं. विद्युल्लता मराठी बोलते हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला.

"तुमची मराठी जरा वेगळी आहे हं, ताई."

"आमच्या इथे बऱ्याच पिढ्या झाल्या ना. मराठी थोडी गंगेत भिजली," ती म्हणाली. "गाडी कधीपर्यंत पाहिजे?"

फेब्रुवारीत छावणीच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं संमेलन भरायचं होतं. लखनौ, कोलकाता, पाटणा, कुठून कुठून गाड्या येणार होत्या. निनादला जावा तिथे उतरवायची होती, आणि मूळ होती तशीच उतरवायची होती. गडद कलेजी रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमचा पत्रा, आणि क्रोम जिथे संपतो आणि रंग सुरू होतो तिथे सबंध कडेनं फिरलेली सोनेरी रेघ.

"क्रोमवरची लाइन वाईट असते," विद्युल्लता म्हणाली. "क्रोम आरसाच. रेघ हलली की एकदा खरी दिसते, एकदा आरशात."

"म्हणून तर तुमच्याकडे आणली."

त्या वर्षी गंगा चांगलीच चढली होती. पाणी उतरलं तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ होता. पंप लावून तो धुणं चाललं होतं. बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरताना विद्युल्लतेचा पाय सरकला आणि ती उजव्या हातावर पडली. आवाज तिलाच आधी ऐकू आला. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत धातूची पट्टी घालून स्क्रू बसवले, प्लास्टर झालं. दिवाळी तिनं गळ्यात हात अडकवूनच काढली. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला आणि सांगितलं, हात कामाला येईल, लिहाल, पोळ्या लाटाल. पण मनगट पहिल्यासारखं वळणार नाही.

पहिल्या दिवशी ती गॅरेजात गेली ती थेट काच काढून बसली. ब्रश भरला, करंगळी टेकली आणि हात ओढला. रेघ नव्हतीच ती. मध्येच फुगलेली, मध्येच तुटलेली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. उस्ताद शेजारी बसून होते. जावाची टाकी समोर स्टँडवर होती. कलेजी रंग चढवून, घासून, पुन्हा चढवून तयार झालेली. प्लास्टरात हात असताना तिनं शेजारी उभं राहून उस्तादांकडून ते करवून घेतलं होतं. राहिली होती फक्त रेघ.

निनाद आला तेव्हा त्यानं काच पाहिली आणि तिच्या हाताकडे पाहिलं. माणूस भला होता.

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लखनौला एक जण स्टिकर कापून देतो. लांबून कळतही नाही."

"लांबून," विद्युल्लता म्हणाली.

"हो, म्हणजे..."

"जानेवारी संपेपर्यंत टाकी इथे राहू द्या. नाही जमलं तर मी स्वतः स्टिकर लावून देईन, आणि कुणाला न सांगता गप्प बसेन."

त्यानं मान डोलावली. पण त्याला खात्री वाटत नव्हती हे तिला दिसलं. तिला स्वतःला तरी कुठे वाटत होती?

थंडीत दुपारी घराच्या गच्चीवर चांगलं ऊन यायचं. ती काच घेऊन तिथे बसायला लागली. काच भिंतीला टेकवली की घसरायची, मांडीवर घेतली की हलायची. एके दिवशी अण्णा शाल पांघरून ऊन खायला वर आले. थोडा वेळ गंगेकडे तोंड करून बसले. मग उठले, तिच्यासमोर पाट घेतला आणि काच दोन्ही हातांनी धरून आपल्या गुडघ्यांवर उभी केली.

"अण्णा, रंग लागेल. धोतर खराब होईल."

"होऊ दे. ओढ तू."

तिनं ओढली. पुसली. पुन्हा ओढली. अण्णा काचेच्या पलीकडून बघत होते. काही रेघांनंतर ते म्हणाले, "अर्ध्यापर्यंत ठीक येते. मग तू अडखळतेस."

"हात दुखतो तिथे."

"दुखायच्या आधीच अडखळतेस. संथा घेताना मुलं असंच करतात. पुढे श्वास पुरणार नाही म्हणून आधीच तोडतात. पुरतो खरं तर."

 इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल अण्णा एवढं पहिल्यांदा बोलले होते. तिला वाटलं आता काहीतरी विचारावं. पण अण्णा काच नीट सावरत होते.

"बघू, आणखी एक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं उस्तादांना हे सांगितलं. उस्तादांनी दाढीवरून हात फिरवला, उठले आणि कपाटातून क्रेपची पट्टी आणि लाकडाची एक पातळ चीप घेऊन आले. चीप तिच्या मनगटाखाली ठेवली आणि बोटं मोकळी सोडून वरून पट्टी आवळली. मनगट आता तसूभरही वळेना.

"यह अब मुड़ेगी नहीं, तो मुड़ने की सोचेगी भी नहीं," ते म्हणाले. "कंधे से खींचो. और बैठो मत, खड़ी होकर. पाँव भी चलाओ."

तिनं काच टेबलावर ठेवली, ब्रश भरला आणि उभ्यानं ओढायला सुरुवात केली. हात सगळाच्या सगळा एका लाकडासारखा मागे आला. तिचा खांदा मागे गेला, मग कंबर, मग एक पाऊल. काच संपली तेव्हा ब्रश हवेत होता. तिनं खाली बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाडी. तिच्या चांगल्या दिवसांतही अशी लांब रेघ तिला कधी आली नव्हती. तेव्हा ती तुकड्यांनी जायची, मनगटाच्या पल्ल्याएवढा एक तुकडा, त्याला जोडून दुसरा. जोड इतके सफाईनं घ्यायची की कुणाला कळत नसत. पण तिला ते माहीत होते.

उस्ताद काचेवर वाकले. 

"मेरे उस्ताद कंधे से खींचते थे," ते म्हणाले. "मुझसे उम्र भर नहीं हुआ. कलाई अच्छी थी न. उसी में रह गया."

पुढचे काही आठवडे तिनं दुसरं काही केलं नाही. सरळ रेघ, मग वळण, मग बंद होणारी रेघ, जी सुरू झाली तिथेच येऊन मिळते. पट्टी सैल केली, मग काढून टाकली. मनगट आपणहून गप्प राहायला शिकलं. घरी ती पोळ्या लाटत असताना कुणाल म्हणाला, "तू हल्ली लाटणंसुद्धा खांद्यानं फिरवतेस." ती हसली. पोळ्या काही वाईट होत नव्हत्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी, धुकं विरून ऊन पडल्यावर, तिनं उस्तादांना सांगितलं, "आज."

उस्तादांनी शेजारच्या वेल्डरला जाऊन थोडा वेळ काम थांबवायची विनंती केली. पंखा बंद केला. टाकी एका पिंपावर खोलीच्या मधोमध ठेवली, चारही बाजूंनी फिरता येईल अशी. विद्युल्लतेनं पदर खोचला, ब्रश सोनेरी रंगात बुडवला, काचेच्या तुकड्यावर दोनदा ओढून केस सरळ केले. मग क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात टोक टेकवलं आणि निघाली.

वरच्या कडेनं सरळ. पुढच्या वळणावर तिचं अख्खं शरीर वळलं. खालच्या कडेला तिला वाकावं लागलं, तिथेच नेहमी हात थांबायचा. श्वास पुरेल, असं तिनं स्वतःला सांगितलं नाही. तिला ते आठवलंही नाही. तिला फक्त क्रोममध्ये ब्रशाचं प्रतिबिंब दिसत होतं, तिच्याबरोबर चालणारं. मागच्या वळणातून ती वर आली, आणि जिथून निघाली होती तिथे ब्रशाचं टोक ओल्या रंगात जाऊन मिसळलं. तिनं ब्रश उचलला.

उस्ताद भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी पुढे येऊन पाहिलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "दूसरी तरफ भी अभी कर लो. हाथ गरम है."

दुसरी बाजूही तशीच झाली. मग ती बाहेर येऊन गॅरेजच्या पायरीवर बसली. उस्तादांनी समोरच्या टपरीवरून मातीचे दोन कुल्हड भरून चहा मागवला आणि वेल्डरला हाक मारून सांगितलं की आता हवा तेवढा आवाज कर.

संमेलनाच्या दिवशी छावणीचं मैदान फुलून गेलं होतं. लांबलचक मोटारी, साइडकारच्या मोटारसायकली, टोपीवाले मालक. निनादनं जावाला रांगेत उभं केलं आणि रुमालानं तिच्यावरची धूळ टिपत राहिला. विद्युल्लता आणि सिराज उस्ताद थोडं मागे उभे होते. उस्तादांनी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला होता. कुणालनं अण्णांना ई-रिक्षातून आणलं होतं. धोतर, कोट, काळी टोपी अशा वेषात अण्णा गर्दीतून वाट काढत होते.

मोटारसायकलींचे मुख्य परीक्षक कोलकात्याहून आलेले एक वयस्क गृहस्थ होते. ते जावापाशी आले, इंजिन ऐकलं, दिवे पाहिले. मग खाली बसले आणि टाकीच्या रेघेवरून नखाचं टोक अगदी हलकं फिरवू लागले. एक फेरी झाली. त्यांनी दुसरी फेरी घेतली. मग विजेरी काढली.

"यह ब्रश का काम है," ते निनादला म्हणाले. "लेकिन जोड़ कहाँ है? मुझे मिल नहीं रहा."

निनादनं वळून हाक मारली, "ताई."

विद्युल्लता पुढे आली. "जोड़ नहीं है, साहब," ती म्हणाली. "एक ही बार में खींची है."

ते उठून उभे राहिले. तिच्या उजव्या हातावर स्क्रूंच्या जागी असलेला लांब व्रण त्यांना दिसला असावा. त्यांनी विचारलं, "दोनों तरफ?"

"दोनों तरफ."

त्यांनी विजेरी खिशात ठेवली आणि तिच्याशी हात मिळवला. मग थोडं मागे सरून पुन्हा एकदा टाकीकडे बघितलं, या वेळी परीक्षकासारखं नाही, नुसतंच.

उत्कृष्ट रंगकामाचं बक्षीस जावाला मिळालं. थोड्या वेळानं सर्वोत्तम मोटारसायकलीचंही नाव पुकारलं गेलं, तेही तिचंच. निनादनं मंचावर जाऊन माइक हातात घेतला आणि बक्षीस आपण एकटे घेणार नाही असं सांगितलं. विद्युल्लता आणि उस्ताद दोघांना वर यावं लागलं. टाळ्या वाजत होत्या. उस्तादांना फोटो काढून घ्यायची सवय नव्हती, ते प्रत्येक कॅमेऱ्याला मान लववून सलाम करत होते.

खाली पहिल्या रांगेत अण्णा शेजारच्या एका अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होते. त्यांचा आवाज पाठांतरानं कमावलेला, सहज लांबवर पोचणारा. मंचावर तिला तो स्वच्छ ऐकू आला.

"वह टंकी पर जो लकीर है न, मेरी बेटी की है. एक साँस में."

त्या माणसानं विचारलं असावं, कौन सी बेटी. अण्णांनी हात लांब करून तिच्याकडे बोट दाखवलं आणि ते खाली घेतलंच नाही.

विजेत्या गाडीनं मैदानाला एक फेरी मारायची रीत होती. निनादनं किल्ली विद्युल्लतेच्या हातात दिली.

"तुम्हीच फिरवा, ताई. उस्तादांना मागे घ्या."

उस्ताद संकोचले. आयुष्यभर त्यांनी गाड्या रंगवल्या होत्या, पण तयार झालेली गाडी मालक घेऊन जायचा, तिच्यावर बसायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. कुर्ता सावरत ते मागे बसले. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही याचा विचार करून त्यांनी सीटचीच कड घट्ट धरली. विद्युल्लतेनं किक मारली. जावा पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि तिची ती ओळखीची टपटप सगळ्या मैदानभर झाली. मनगट वळत नव्हतं म्हणून तिनं कोपर खाली दाबून गती दिली. गाडी निघाली.

लोक दोरीपाशी गर्दी करून उभे होते. उन्हात टाकी लखलखत होती. मैदानाच्या पहिल्या वळणावर उस्ताद काहीतरी बोलले, ते वाऱ्यात विरलं.

"क्या?" तिनं ओरडून विचारलं.

"मैंने कहा, थोड़ा तेज़."

तिनं कोपर आणखी दाबलं. फेरी पुरी झाली तेव्हा निनाद हात वर करून थांबायची खूण करत होता. ती त्याच्या समोरून हसत निघून गेली आणि तिनं दुसरी फेरी सुरू केली.